म्हावरा

आमच्या घरात 'मासा' हा शब्द फारसा नव्हता. मासा पुस्तकात होता. घरात होता तो म्हावरा. पहाटे बाबा उघाडीवर लावलेली बोकशी काढून, टोपली डोक्यावर घेऊन आले की आजी ओट्यावरून विचारायची, "काय म्हावरा गावला?" टोपलीत जे असेल ते सगळं म्हावरा. बोईट, खरबी, शिंगाळी, निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी. पाण्यातून आलं आणि कालवणात गेलं, तो म्हावरा, एवढा सोपा हिशेब.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमचा मुलूख खारेपाट, रायगडातला. पूर्वजांनी खाडीला मातीचा बांध घालून आत भातशेती केली. बांधाबाहेर खारं पाणी, आत गोडं. बांधात जागोजागी झडपेच्या वाटा ठेवलेल्या, त्या उघाड्या. ओहोटीला झडप उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला पाण्याच्याच दाबानं ती मिटते. त्या वाटेवर पिशवीसारखं जाळं लावायचं, ते बोकशी. उघाडीतून उतरणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी येते ती त्यात अडकते. पावसाळ्यात एका ओहोटीत घर खाऊन शेजारी वाटता येईल एवढी.

गंमत अशी की सगळ्याला एकच म्हावरा म्हणणारी माझी आजी कोळंबीच्या बाबतीत मात्र फार बारकाईनं बोलायची. अगदी बारीक, डोळ्यांचे ठिपके तेवढे दिसतात, तो कोलीम. त्याच्यापेक्षा जरा मोठा जवळा. मग करंदी. मग कोळंबी. वाळवला की जवळ्याची सुकट होते, कोळंबी सोलून वाळवली की सोडे. कोणी करंदीला कोळंबी म्हणून विकायला आला तर आजी त्याला दारातून परत पाठवायची. "लेकाचा नाव वाढवून सांगतो," म्हणायची. भावापेक्षा नावाचा राग तिला जास्त यायचा. पुढं कामानिमित्त फिरलो तेव्हा कळलं, मालवणकडे तीच सुंगटं होते, घाटावर झिंगा. पण आजीचे चार भेद मला कुठे एवढे नीट ऐकायला मिळाले नाहीत.

जुनी अकरावी जाऊन दहावी आली ती आमच्याच वेळी. १९७५ साली मी पहिल्या तुकडीत बसलो आणि पास झालो. त्याच्या आदल्या वर्षी, नववीत, शास्त्राच्या मास्तरांनी आम्हाला सांगितलं की कोळंबी हा मासा नव्हे. माशाला पाठीचा कणा असतो, कोळंबीला नाही. तिला चालायचे दहा पाय, अंगावर कवच, वाढताना ती कात टाकल्यासारखं कवच टाकते. गोत्यानं ती खेकड्याची सख्खी आणि झुरळ-विंचवाची लांबची. तिचं डोकं आणि छाती एकच, काळीज तिथंच. वर्गातली निम्मी मुलं आगऱ्या-कोळ्यांची. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. रोज रात्री आपण झुरळाची भावकी खातो!

घरी येऊन आजीला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "काळीज डोक्यात? मग बरा हाय. आपली मानसा काळजाचा येगला न डोक्याचा येगला बोलतान." आणि पाखडत राहिली.

त्याच पावसाळ्यात आय आजारी पडली. विषमज्वर. डॉक्टर अलिबागला, रस्ते चिखलात, होडीनं नेऊन आणली दोनदा. एकवीस दिवस ताप उतरेना. बाबा गावदेवीपुढं बोलले, "बाय उठली तं वरीसभर म्हावरा तोंडात घालनार नाय." आय उठली. लुगडं नेसून चुलीपुढं बसली तेव्हा तिचे हात काठ्यांसारखे होते, पण बसली.

आता खारेपाटातल्या माणसानं वर्षभर म्हावरा सोडणं म्हणजे काय ते सांगून समजणार नाही. आमच्याकडे भाजी ही वालाच्या बिरड्यापुरती आणि शेवग्यापुरती. बाकी ताटात भात आणि म्हावरा. बाबा बिरडं आणि मीठमिरची खाऊन नांगराला जायचे. तरी पहाटेची बोकशी त्यांनी सोडली नाही, घरात चार पोरं होती. संध्याकाळी आयच्या अंगात ताकद नाही म्हणून कोळंबी सोलायला तेच बसायचे. डोकं मोडायचं, कवच काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा, सोललेली पातेल्यात टाकायची. बोटं वासानं भरलेली आणि जेवायला बिरडं.

मला ते बघवेना. आणि खरं सांगतो, माझ्याजवळ नवीन शिकलेलं शहाणपणही होतं, ते वापरायची हौस होती. एका रात्री म्हटलं, "बाबा, तुमी म्हावरा सोडलाय ना? म्हावरा म्हंजे मासा. न कोलबी मासाच नाय. मास्तरांनी सांगितलाय, पुस्तकान हाय. तुमी कोलबी खाल्ली तं नवस नाय मोडत."

मला वाटलं ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी तिसरंच केलं. हातातली कोळंबी सोलून पूर्ण केली, पातेल्यात टाकली, आणि म्हणाले, "तुझा मास्तर खोटा नाय बोलनार. पन मी नवस बोललो तवा मास्तर नव्हता तेथं. माज्या डोल्यापुढं काय व्हता सांगू? कोलबीचाच कालवन व्हता. तीच सोडली मी. बाकीचा म्हावरा तिच्या पाठी गेला."

एवढंच. पुढं त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. वर्ष भरलं त्या दिवशी आयनं कोळंबी केली. बाबा जेवले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

पुढं वय वाढलं तसं दिसत गेलं की कोळंबीनं अडवलेले आम्ही एकटे नव्हतो. आमच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं राहिले. त्यांचा धंदा तेलाचा घाणा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. बोलणं आमच्यासारखंच मराठी, बायकांची लुगडी आमच्यासारखीच. पण त्यांच्या धर्मात पाण्यातलं खायचं ते पर आणि खवलं दोन्ही असलेलंच. म्हणजे जिताडा चालतो, कोळंबी नाही, चिंबोरी नाही, शिंगाळीला खवलं नाहीत म्हणून तीही नाही. त्यांच्यात एक जुनी गोष्ट सांगतात. बाहेरून आलेल्या त्यांच्या एका धर्मबांधवाला खात्री करायची होती की हे लोक खरंच यहुदी आहेत का. त्यानं बायकांपुढं मिसळ मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवलं असलेली तेवढी वेचली, बाकी बाजूला सारली. पोथ्या गेल्या होत्या, भाषा गेली होती, पण हाताला नियम माहीत होता. बाबा लहानपणी त्यांच्या घाण्यावर खोबरं घेऊन जायचे. ते सांगायचे की तिथं कोळंबी कोणी भेट म्हणूनसुद्धा नेत नसे, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे.

दुसरी गोष्ट माझ्या मित्राची. खाडीपलीकडचा, कोकणी मुसलमान, बाजारात आमची भातगिरणी शेजारी शेजारी. कोकणी मुसलमान बहुतेक इमाम शाफींना मानणारे, त्यांना समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं, कोळंबी तर आवडीची. पण त्याची मुलगी दिली ती हनफी घरात. हनफी मतानं पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा चालतो. मग प्रश्न आला, झिंगा मासा आहे का? मित्र सांगत होता, जुन्या अरबी कोशकारांनी त्याला माशांत धरलंय, म्हणून बरेच उलेमा म्हणतात खा. दुसरे म्हणतात, प्राणिशास्त्रात तो मासा नाही, मग लांब राहिलेलं बरं. मला नवल वाटलं. माझ्या नववीच्या मास्तरांचा धडा आणि माझ्या आजीची टोपली, या दोघांचं भांडण एवढ्या मोठमोठ्या विद्वानांत चालू होतं! मी विचारलं, "मग जावई काय करतो?" तो म्हणाला, "त्याचे वालिद खात नाहीत, म्हणून तो खात नाही. मना बोलला, शंका हाय तं सोडायचा. शंकेचा फायदा आपन घ्यायचा नाय." जावई आला की त्यांच्याकडे पापलेट होतं.

मला हे लोक आवडतात. शब्दाचा अर्थ काय, हे ते विचारतात ते तो पाळता यावा म्हणून. मी नववीत विचारलं होतं ते सुटता यावं म्हणून. पण नववीतल्या पोराला माफ असतं. पुढं पन्नाशी उलटल्यावर मी काय केलं ते सांगायचं आहे, म्हणून इतका वेळ आजूबाजूला फिरलो.

आमच्या बाजूचा बांध एका उधाणात फुटला. खांड पडली, खारं पाणी आत आलं. पूर्वी अशी खांड पडली की गावचे सगळे हिस्सेदार पेंढा, चिखल, दगड घेऊन रात्रीत बांधायचे. आता पोरं कंपन्यांत आणि मुंबईला. खांड बुजायला तीन वर्षं लागली. तोवर शेतात तिवरं उगवली. बुजवल्यावर सात हिस्सेदार देवळात बसलो. खालच्या अंगाची जमीन माझी, दोन एकर, तिच्यात भात यायची आशा नव्हती. मी म्हटलं, मी तळं काढतो. सगळ्यांत जास्त काळजी नानाला. नाना माझा चुलतभाऊ, वयानं मोठा, त्याचं शेत माझ्या बांधाला लागून. त्यानं विचारलं, "तल्यान काय करशील?" मी म्हटलं, "म्हावरा सोडीन."

तो "बरा" म्हणाला. बाकीचे उठले.

आमच्याकडे जुन्या घरांमागं तळी असतात. पावसाचं पाणी साठवायचं, खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून गोड्या पाण्यात वाढवायची, वर्ष-दीड वर्षानं जावयाला किंवा साहेबाला एक मोठा जिताडा जातो. रोहू, कटलाही सोडतात. 'तळ्यात म्हावरा' म्हटलं की खारेपाटातल्या माणसाला हे दिसतं. नानाला हेच दिसलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्या दिवशी हेच दिसलं होतं.

मग एक ठेकेदार आला. भाड्याचे पैसे आगाऊ, दोन वर्षांचे एकदम. मुलीचं लग्न ठरलेलं. त्याला कोळंबी करायची होती, व्हेनामी. ही मूळची अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याची, आपल्या देशात तिला २००९ साली परवानगी मिळाली. साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत पीक निघतं. तिला नाव नसतं, काउंट असतो. किलोत तीस बसली तर तीस काउंट, भाव त्यावर. आजी असती तर म्हणाली असती, नावाचा आकडा केला. आणि तिला खारं पाणी लागतं. बांधावरून पाइप टाकला, इंजिन लावलं, ज्या खाडीला आमच्या आज्या-पणज्यांनी बाहेर ठेवलं तिला मी पैसे घेऊन आत बोलावलं. कागदावर लिहिलं होतं 'कोळंबी शेती'. शेती हा शब्द वाचून मला जरा बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

त्या शब्दावर देशात केवढं झालंय ते मला नंतर कळलं. तमिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला होता. किनाऱ्यालगतच्या असल्या तळ्यांना न्यायालयानं उद्योग म्हटलं, आणि शेतजमीन, मिठागरं, खारफुटीची जमीन त्यासाठी बदलू नये असं बजावलं. पुढं २००५ साली संसदेनं कायदा केला, प्राधिकरण नेमलं, नोंदणी करून तळी चालू राहिली. एकच तळं, एका कागदावर उद्योग, दुसऱ्यावर शेती. पाणी दोन्हीकडे तेवढंच खारट.

पहिलं पीक चांगलं गेलं. त्या वर्षी नानाच्या शेतात राता पेरलेला. राता म्हणजे आमचं तांबडं भात, थोडा खारटपणा सोसणारं. तेही माझ्या बांधाकडून पिवळं पडत गेलं. पात्यांची टोकं भाजल्यासारखी. तळ्याची माती कितीही चोपली तरी पाणी झिरपतंच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी खारेपाटात जन्मलोय.

नाना संध्याकाळी आला. ओट्यावर बसला नाही, खालीच उभा राहिला.

"तू म्हावरा सोडतो बोललेलास."

आणि मी म्हटलं, "मग काय सोडलाय? कोलबी म्हावरा नाय?"

बोललो आणि मलाच ऐकू आलं. बरोबर होतं की वाक्य! आमच्या बोलीप्रमाणं, आजीच्या टोपलीप्रमाणं, शंभर टक्के बरोबर. चाळीस वर्षांपूर्वी बाबांना सांगत होतो की कोळंबी म्हावरा नाही. आता नानाला सांगत होतो की कोळंबी म्हावराच आहे. पहिल्या वेळी मास्तरांचा अर्थ घेतला, दुसऱ्या वेळी आजीचा. दोन्ही माणसं खरी बोलणारी. त्यांच्या खऱ्या बोलण्यातून मी मला हवा तेवढा तुकडा कापून घेतला.

नाना थोडा वेळ गप्प राहिला. त्याचं लहानपण अर्धं आमच्या घरात गेलेलं. आय आजारी होती त्या पावसाळ्यात तो आमच्याकडेच जेवायचा, बाबांनी सोललेली कोळंबी त्यानंही खाल्लेली. तो म्हणाला, "काका असता तं त्याला इचारला असता." आणि गेला.

मी ताबडतोब तळं मोडलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही मोडलं. ठेकेदाराचे पैसे खर्च झाले होते, लग्न होऊन गेलं होतं, करार दोन वर्षांचा होता. दिलेला शब्द दोघांना होता, एकाला तोंडी, एकाला स्टँपपेपरवर, आणि मी स्टँपपेपरचा पाळला. नानाला भात देऊ केलं, त्यानं घेतलं नाही. वहिनींनी एकदा चार पायली घेतलं, ते त्याला न सांगता. दुसऱ्या वर्षाच्या पिकावर पांढऱ्या ठिपक्याचा रोग आला. चार दिवसांत तळ्याच्या काठाला मेलेल्या कोळंबीची रास. ठेकेदार इंजिन घेऊन गेला. काही लोक म्हणाले, देवीनं शिक्षा केली. मला तसं वाटत नाही. त्या रोगानं आंध्रात, तमिळनाडूत कितीतरी गरिबांची तळी गेलीत, त्यांनी कोणाला काय फसवलं होतं? आणि शिक्षा झालीच असेल तर ती ठेकेदाराला झाली, मला नाही. माझे पैसे आगाऊ मिळाले होते.

पाइप काढला. पाच पावसाळे तळ्यात फक्त पावसाचं पाणी घेतलं आणि उघाडीनं बाहेर सोडलं. पाच पावसाळे धुतल्यावर माती जरा निवळली. नानाच्या शेतात माझ्या बांधाकडच्या पट्ट्यात सगळ्यांत शेवटी राता धरला. त्या काळात आम्ही बोलायचो, नाही असं नाही. लग्नकार्यात शेजारी बसायचो. पण जमिनीबद्दल तो काही विचारत नसे आणि मी काही सांगत नसे.

परवाच्या ज्येष्ठात मी तळ्याचा गाळ काढत होतो. नाना बांधावरून चालला होता, थांबला. आता त्याला कमी दिसतं, काठी घेऊन फिरतो.

"काय सोडतोस औंदा?"

"म्हा..." म्हणता म्हणता मी थांबलो. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो काठी टेकून उभाच राहिला.

"नावा सांग," म्हणाला.

मी फावडं ठेवलं. "रोहू. कटला. न जिताड्याची ईस-पंचवीस पिल्ला."

"पानी?"

"पावसाचा."

"खाडीचा?"

"नाय."

"कोलबी?"

"नाय."

"लिहून देऊ का नाना?" मी विचारलं.

"कागद नको," तो म्हणाला. "परत एकदा बोल, सगली नावा."

मी परत बोललो.